डिस्ट्रीब्युटरचं टायमिंग: आधी ३००० आरपीएमचा आकडा, मग स्लोचा

गाडी स्लोवर (पाय न दाबता, इंजिन चालू) उभी केली, टायमिंग लाईट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) मारली, पुलीवरची खूण १० डिग्रीवर आणली, डिस्ट्रीब्युटरचा (प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) बोल्ट आवळला. कंपनीतून आलं तसंच राहिलेल्या इंजिनाला एवढं पुरतं. पण हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेल्या, कॅम बदललेल्या, मोठा कार्ब्युरेटर बसवलेल्या इंजिनाला एवढ्यावर सोडलं तर ते एक तर मरगळल्यासारखं चालतं, नाहीतर चढावर ठोकायला लागतं, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून खडखडतं. स्लोवर पिस्टनवर भार नसतोच. भार येतो अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, ३०००च्या आसपास आणि त्यापुढे. तिथे पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या किती डिग्री आधी ठिणगी पडते, हा खरा आकडा. तो आधी पक्का करायचा आणि स्लोचा आकडा त्याच्या मागून बसवायचा.

हा लेख चार सिलिंडरच्या, कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रीब्युटर असलेल्या पेट्रोल इंजिनांसाठी आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे अशी इंजिनं अजून चालू आहेत: सातपुड्याच्या वाटांसाठी तयार केलेल्या कार्ब्युरेटरच्या जिप्सी, जुन्या पेट्रोल जीप, हौसेने जपलेल्या पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर. या सगळ्यांचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम) १-३-४-२. मारुती ८०० तीन सिलिंडरची, तिचा १-३-२. बाकी पद्धत तीच. जिथे टायमिंग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतो, त्या गाड्यांना यातलं काही लावू नका.

आत काय चालतं

ठिणगी पडली की पेट्रोल-हवेचं मिश्रण एका क्षणात जळून संपत नाही, आग पसरायला वेळ लागतो. सिलिंडरमधला दाब पिस्टन टीडीसी (त्याची सगळ्यात वरची जागा) ओलांडून साधारण १५ डिग्री खाली आल्यावर सगळ्यात जास्त असावा, म्हणजे क्रँकला (पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टला) पूर्ण रेटा मिळतो. त्यासाठी ठिणगी टीडीसीच्या आधी पाडावी लागते. इंजिन जितकं जोरात फिरेल तितक्या त्याच वेळात क्रँक जास्त डिग्री पुढे जातो, म्हणून आरपीएमबरोबर अ‍ॅडव्हान्स (ठिणगी आधी पाडण्याच्या डिग्री) वाढवावा लागतो. हे काम डिस्ट्रीब्युटरच्या पोटातली दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा करतात. अर्धवट अ‍ॅक्सिलरेटरवर मिश्रण विरळ असतं आणि सावकाश जळतं, तेव्हा इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालणारी व्हॅक्यूमची डबी आणखी थोडा अ‍ॅडव्हान्स देते.

डिस्ट्रीब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, हे कायम डोक्यात ठेवा. वजनांच्या पट्टीवर १२ असं कोरलेलं दिसलं तर ते डिस्ट्रीब्युटरचे १२, क्रँकचे २४. स्लोला १० ठेवले तर एकूण ३४ झाले. दोन व्हॉल्व्हच्या जुन्या घडणीच्या हेडला, ९.५ ते १०च्या आसपास कॉम्प्रेशन असेल तर, एकूण ३२ ते ३६ डिग्री हा बहुतेक ठिकाणी चालणारा पट्टा आहे. सुरुवात ३० वरून करा.

आता गंमत इथे आहे. मोठ्या कॅमच्या इंजिनाला स्लोवर १० पुरत नाहीत. दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहिल्याने जळका धूर ताज्या मिश्रणात मिसळतो, आग मंदावते, इंजिन लंगडतं. त्याला १४ ते १६ हवे असतात. म्हणून कोणीतरी डिस्ट्रीब्युटर फिरवून १६ करतो, स्लो सुधारतो, सगळे खूश. पण वजनांचे २४ तसेच आहेत, एकूण ४० झाले. पहिल्याच लांब चढावर पिस्टनची रिंगलँड (दोन रिंगांमधली कड) तुटते आणि दोष पेट्रोलला दिला जातो. स्लोला १६ हवे असतील तर वजनांची चाल कमी करून ९ डिग्रीवर, म्हणजे क्रँकच्या १८ वर आणावी लागते. १६ आणि १८ मिळून पुन्हा ३४.

टायमिंगला हात लावण्याआधी

झिजलेल्या डिस्ट्रीब्युटरवर टायमिंग बसत नाही. कॅप काढा, रोटर (कॅपखाली फिरत ठिणगी वाटणारा तुकडा) धरून आडवा हलवून बघा. शाफ्ट कडेला हललेला हाताला जाणवला तर बुश गेलेत. अशा डिस्ट्रीब्युटरमध्ये पॉइंटचा (उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांचा) गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळा पडतो आणि लाईटमध्ये खूण नाचत राहते. बुश बदला, मग पुढे चला. नंतर रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने पिळून सोडा. तो झटकन मागे आला पाहिजे. सुस्त आला किंवा मध्येच अडकला तर आत वजनांच्या खिळ्यांवर वाळलेलं ग्रीस आणि धूळ बसलेली असते. आपल्याकडच्या शेतरस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं आहे. प्लेट उघडा, पेट्रोलने धुवा, खिळ्यांना इंजिन ऑइलचा एक थेंब द्या. रोटरखालच्या नमद्यात दोन थेंब. जास्त ऑइल पॉइंटवर उडतं आणि पॉइंट जळतात.

व्हॅक्यूम डबीचा पाइप तोंडाने ओढा. आतली प्लेट सरकली पाहिजे आणि जिभेने पाइप बंद केल्यावर सरकलेलीच राहिली पाहिजे. परत आली तर डायफ्राम फाटलाय.

पॉइंट असतील तर गॅप ०.४० ते ०.४५ मिमी, डिस्ट्रीब्युटरमधल्या कॅमच्या उंच टोकावर फिलर गेजने. ड्वेल मीटर (पॉइंट किती डिग्री बंद राहतात ते दाखवणारा) असेल तर अर्थातच तो जास्त विश्वासाचा; चार सिलिंडरला ५२ ते ५८ डिग्री, नक्की आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. पॉइंट निळसर जळलेले किंवा एका बाजूला टेकडी आणि दुसरीला खड्डा असे दिसले तर कंडेन्सरही बदला. सुझुकीच्या इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रीब्युटरमध्ये पॉइंट नसतात, पिकअप (ठिणगीची वेळ कळवणारा सेन्सर) आणि दातेरी चक्र यांतली फट ०.२ ते ०.४ मिमी ठेवायची. ती पितळी फिलर गेजने मोजा, लोखंडी पाते चुंबकाला चिकटून फसवतं.

गॅप आधी, टायमिंग नंतर. हा क्रम उलटवू नका. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे जातं. टायमिंग बसवून मग गॅपला हात लावला की केलेलं काम गेलं.

कॅपच्या आतल्या बाजूला केसासारख्या काळ्या रेघा दिसल्या तर कॅप फेकून द्या, घासून उपयोग नाही. मधलं कार्बनचं बटण स्प्रिंगवर उडतं का बघा. प्लग गॅप पॉइंटवर ०.७ ते ०.८ मिमी, चांगल्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर १ मिमीपर्यंत. प्लगच्या वायरी मल्टिमीटरने मोजा; एखादीचा रेझिस्टन्स बाकीच्यांपेक्षा फार वेगळा असेल तर सेटच बदला.

खरा टीडीसी शोधणं

जुन्या इंजिनांत पुलीवरच्या खुणेवर आंधळा विश्वास ठेवू नका. पुलीच्या दोन भागांमध्ये रबर असेल तर बाहेरची कडी वर्षानुवर्षांत सरकते, आणि खूण ८-१० डिग्री खोटं बोलू शकते. काही इंजिनांत खूण फ्लायव्हीलवर, बेलहाउसिंगच्या खिडकीत असते. ती सरकत नाही, पण तिथे ३४ डिग्री मोजायला जागा नसते, म्हणून पुलीवर खुणा कराव्याच लागतात.

पिस्टन स्टॉप करून घ्या. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढायची, त्या जागी बोथट टोकाचा बोल्ट बसवायचा, टोक सिलिंडरमध्ये शिरेल इतका लांब. सगळे प्लग काढा, बॅटरीची वायर सोडा. एक नंबरचा पिस्टन थोडा खाली असताना स्टॉप बसवा. क्रँकच्या नटला पाना लावून हाताने सावकाश फिरवा, पिस्टन टेकला की पॉइंटरसमोर पुलीवर खूण करा. मग उलट फिरवा, दुसऱ्या बाजूने टेकला की दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी. स्टार्टर मारून हे करायचं नाही, पिस्टनला भोक पडेल.

आता पुलीचा व्यास मोजा. समजा १३० मिमी आहे. घेर झाला ४०८ मिमी, ३६० ने भागलं की एका डिग्रीला १.१३ मिमी. म्हणजे १० डिग्रीची खूण टीडीसीपासून ११.३ मिमीवर, ३४ डिग्रीची ३८.६ मिमीवर. कागदाची पट्टी कापून पुलीवर गुंडाळली की मोजणं सोपं जातं. या खुणा टीडीसीच्या खुणेपासून इंजिन फिरण्याच्या दिशेला करायच्या, कारण त्या पॉइंटरखाली आधी यायला हव्यात. नवशिके इथे हमखास उलट्या बाजूला करतात. पांढऱ्या करेक्शन पेनने टीडीसी, १०, १६, ३० आणि ३४ एवढ्या खुणा पुरतात. ३४ वेगळ्या रंगाने करा.

डिस्ट्रीब्युटर बसवणं आणि बल्बने पहिलं टायमिंग

एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा धरून क्रँक फिरवा. हवा अंगठा ढकलते तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. त्याच फेरीत १० ची खूण पॉइंटरवर आणून थांबा. रोटर कॅपच्या ज्या टर्मिनलकडे तोंड करेल ते एक नंबर. हवा न ढकलता खूण आली असेल तर तो एक्झॉस्टचा टीडीसी; डिस्ट्रीब्युटर १८० डिग्री उलटा बसेल आणि इंजिन कार्ब्युरेटरमधून शिंकत राहील, सुरू होणार नाही. एक नंबर सिलिंडर जीप, पद्मिनी, जिप्सीत रेडिएटरकडचा. मारुती ८०० मध्ये टायमिंग बेल्टकडचा.

रोटर कोणत्या दिशेने फिरतो ते स्टार्टरचा एक ठोका देऊन बघून ठेवा आणि कॅपवर बाण काढा. १-३-४-२ त्याच दिशेने लावायचं. डिस्ट्रीब्युटरचं अंग रोटरच्या उलट दिशेने फिरवलं की टायमिंग पुढे, रोटरच्या दिशेने फिरवलं की मागे.

पॉइंट असलेल्या डिस्ट्रीब्युटरला १२ व्होल्टचा बल्ब घ्या. एक वायर कॉइलच्या डिस्ट्रीब्युटरकडच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. स्विच चालू करा. अंग रोटरच्या दिशेने फिरवून बल्ब विझवा, मग उलट दिशेने अगदी सावकाश आणा. बल्ब पेटला तो क्षण ठिणगीचा. तिथेच बोल्ट अर्धा आवळा. स्विच फार वेळ चालू ठेवू नका, पॉइंट बंद असताना कॉइल तापते. इलेक्ट्रॉनिकमध्ये ही युक्ती चालत नाही. तिथे चक्राचा दात पिकअपसमोर आणायचा, इंजिन सुरू होण्यापुरतं ते जुळतं.

लाईट मारणं

बंद शेडमध्ये नको, धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक, चाकाला दगड. गळ्यात गमछा किंवा उपरणं नको. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टायमिंग लाईटच्या लखलखाटात पंखा उभा असल्यासारखा दिसतो. तो फिरतोय. बोटं याच भ्रमात जातात.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, चोक उघडा. व्हॅक्यूमचा पाइप डबीवरून काढून स्क्रू घालून बंद करा. नुसता काढून ठेवला तर पाइपातून हवा ओढली जाते आणि मिश्रण विरळ होतं. लाईटची चिमटी एक नंबरच्या वायरला, तिच्यावर बाण असेल तर प्लगकडे. स्लो ८०० वर आणा.

१. दुसऱ्या माणसाला अ‍ॅक्सिलरेटरवर बसवा. आरपीएम हळूहळू वाढवत न्या आणि खूण पुढे सरकताना बघा. एका ठिकाणी ती थांबते, आरपीएम वाढवला तरी हलत नाही. तो एकूण अ‍ॅडव्हान्स.

२. ती थांबलेली खूण ३० वर येईल असा डिस्ट्रीब्युटर फिरवा. बोल्ट हाताच्या जोराने अंग फिरेल इतकाच ढिला असावा, जास्त नको.

३. आता स्लोवर या आणि काय आकडा मिळतो ते लिहा. मग १२००, १६००, २०००, २५००, ३०००, ३५०० वर काय मिळतं तेही. ही सात आकड्यांची चिठ्ठी म्हणजे तुमच्या डिस्ट्रीब्युटरची कुंडली आहे, लाईट पुन्हा लावायच्या आधी ती हातात हवी.

चिठ्ठी वाचायची अशी. रस्त्यावरच्या तयार इंजिनाला वाढ १२०० च्या आसपास सुरू होऊन २८०० ते ३२०० ला संपलेली चांगली. ८०० लाच खूण पुढे-मागे डोलते आहे, म्हणजे स्प्रिंग फार मऊ आहे. वजनं स्लोवरच उघडायला लागलीत आणि गिअर टाकताना इंजिन बुडतं. ४००० गेल्यावरही खूण सरकतेच आहे, म्हणजे स्प्रिंग फार कडक, मधल्या आरपीएमला गाडी ओढत नाही. कित्येक डिस्ट्रीब्युटरमध्ये एक स्प्रिंग बारीक आणि ताणलेली, दुसरी जाड आणि तिची कडी खिळ्यात सैल असते. ती सैल मुद्दाम ठेवलेली आहे. बारीक स्प्रिंग सुरुवातीची वाढ पटकन देते, जाड स्प्रिंग नंतर पकडते. काही मंडळी ती वाकवून घट्ट करतात आणि सगळा पिकअप घालवतात.

स्लोचा आकडा कमी पडत असेल तर वजनांची चाल कमी करा: ज्या खाचेत थांबण्याचा खिळा फिरतो ती वेल्डने थोडी भरून कानसने मापात आणायची. दोन्ही बाजूंची वजनं सारखी थांबली पाहिजेत. थोडं भरा, बसवा, लाईट मारा, पुन्हा काढा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही. स्लो १८-२० च्या वर नेलात तर मे महिन्यात गरम इंजिन सुरू करताना स्टार्टर उलटा धक्का खातो.

एकाच वेळी अनेक ठिणग्या देणारी इग्निशन पेटी असेल तर डायल फिरवून डिग्री दाखवणारी लाईट चुकीचं सांगते. तिथे साधी लाईट आणि पुलीवरच्या खुणाच वापरा.

चढावर तपासणी

३० वरून सुरू करून रस्त्यावर जा. मोकळा रस्ता, लांब चढ, तिसरा गिअर, २००० वरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, काचा खाली. धुळ्याजवळ लळिंगचा चढ चालेल, तोही सकाळी लवकर. चाळीसगाव-कन्नड घाटात गाड्यांच्या गर्दीत हे प्रयोग करू नका. पत्र्याच्या डब्यात ज्वारीचे दाणे हलवल्यासारखा आवाज आला की पाय काढा आणि २ डिग्री मागे घ्या. आवाज नसेल तर २ डिग्रीने वाढवत ३४ पर्यंत जा. प्रत्येक वेळी ४० ते ८० किमी वेग गाठायला लागणारा वेळ मोजा. ३२ आणि ३४ ला सारखाच वेळ लागला तर ३२ ठेवा. न वाढणाऱ्या ताकदीसाठी पिस्टन धोक्यात घालण्यात शहाणपण नाही.

कान सगळं ऐकत नाहीत, मोठ्या सायलेन्सरच्या गाडीत तर नाहीच. चढ संपल्यावर लगेच इंजिन बंद करून प्लग काढा आणि भिंगातून बघा. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे काळे किंवा चमकते बारीक ठिपके असतील तर ते नॉकिंग, म्हणजेच ठोकणं. चमकणारे ठिपके पिस्टनच्या अ‍ॅल्युमिनियमचे असतात. लगेच ४ डिग्री मागे.

ही तपासणी हिवाळ्यात केली असेल तर उन्हाळ्यात पुन्हा करा. डिसेंबरच्या सकाळी ३४ वर निमूट चालणारं इंजिन भुसावळच्या ४५ डिग्री तापमानात ठोकेल, कारण आत जाणारी हवाच तापलेली. एप्रिल-मेसाठी २ डिग्री मागे घेऊन ठेवावं. एअर फिल्टरला बॉनेटखालची गरम हवा जात असेल तर समोरून थंड हवेचा पाइप आणणं टायमिंगपेक्षा जास्त देऊन जातं. उलट तोरणमाळला, हजार मीटरच्या वर, हवा विरळ असल्याने दाब कमी बनतो आणि तिथे ठोकणं कमी ऐकू येतं. त्यामुळे शेवटचा निकाल वर नाही, खाली शहाद्याच्या सपाटीवर द्या.

पेट्रोलबद्दल एवढंच: २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवेचं योग्य प्रमाण १४.७ ऐवजी साधारण १३.६ लागतं. जुन्या जेटवर मिश्रण विरळ पडतं, इंजिन तापतं आणि दोष टायमिंगवर येतो. आधी मेन जेट वाढवून मिश्रण नीट करा, टायमिंग त्यानंतर. कॉम्प्रेशन १० च्या वर असेल तर ९५ ऑक्टेनच भरा.

व्हॅक्यूम परत जोडताना

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत ही डबी काढून टाकू नका. तिच्यामुळे पूर्ण ताकदीत काही मिळत नाही, पण सरळ रस्त्यावर मायलेज आणि थंड इंजिन तिच्यामुळेच मिळतं. हलक्या भाराला एकूण ४४ ते ४८ दिसले तरी घाबरू नका, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि तो अ‍ॅडव्हान्स निघून जातो. मोठ्या कॅमच्या इंजिनात मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम स्लोवर थरथरतो आणि टायमिंगही थरथरतं. तिथे पाइप थ्रॉटलच्या वरच्या छिद्राला जोडा. फक्त शर्यतीच्या गाडीत डबी काढून प्लेट पक्की करतात.

तरीही जमत नसेल तर

टायमिंग बरोबर आणि तरीही जास्त आरपीएमला मिसिंग: रोटरचं टोक टर्मिनलसमोर येण्याआधीच ठिणगी उडत असेल. दुसऱ्या गाडीचा डिस्ट्रीब्युटर किंवा पॉइंटऐवजी पिकअपचा किट बसवल्यावर हे होतं. जुन्या कॅपला एक नंबरच्या टर्मिनलजवळ भोक पाडा, लाईट आत मारा, रोटर कुठे दिसतो ते बघा. तो टर्मिनलच्या एका कडेला असेल तर पिकअपची प्लेट सरकवावी लागेल.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड रात्री लालसर दिसतो, रेडिएटर तापतो, पिकअप नाही: टायमिंग मागे आहे. आग एक्झॉस्टमध्ये जाऊन संपते. उलट, स्लो आपोआप वाढला आणि पीयूसीत हायड्रोकार्बन चढले तर टायमिंग पुढे गेलंय.

सगळं बसल्यावर बोल्ट पक्का आवळा आणि पुन्हा एकदा लाईट मारा, आवळताना अंग १-२ डिग्री फिरतं. स्लो, एकूण आणि गॅप हे तीन आकडे बॉनेटच्या आतल्या बाजूला पेंटने लिहा. पॉइंट नवे असतील तर ५०० किमीनंतर परत बघा. पॉइंटची टाच कॅमवर घासून सुरुवातीला लवकर झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे सरकतं. कॅमला ग्रीसचा पातळ हात लावलेला असेल तर पुढची तपासणी ५००० किमीला चालेल.